वर्गातले यंत्र कोणी चालवायचे?

तुमच्या गावच्या प्राथमिक शाळेत अलीकडे भिंतीवर एखादा मोठा काचेचा पडदा बसवला गेला असेल. त्याला बोट लावले की चित्रे हलतात, कविता म्हटली जाते, पृथ्वी सूर्याभोवती फिरू लागते. तुमची धाकटी भावंडे घरी येऊन त्याचे कौतुक सांगत असतील. तुम्ही आता आठवी-नववीत, त्यामुळे 'आमच्या वेळी असे काही नव्हते' असे म्हणण्याइतके मोठे झालाच आहात! पडदा बसला की छोटासा समारंभ होतो, फीत कापली जाते आणि शाळा 'डिजिटल' झाल्याचे जाहीर होते. या पडद्याविषयी मला एकच प्रश्न विचारावासा वाटतो. तो चालू असतो तेव्हा मुलांचे हात काय करत असतात?

हा प्रश्न मला का सुचला ते सांगतो. मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. प्रयोगशाळेत पहिल्या वर्षाचे विद्यार्थी येतात, त्यांना लंबकाचे सूत्र तोंडपाठ असते. लंबकाचे हलते चित्रही त्यांनी मोबाईलवर अनेकदा पाहिलेले असते. पण हातात दोरा, एक नट आणि घड्याळ दिले की निम्मे जण गोळा सोडता क्षणीच 'एक' म्हणतात. तुम्हीही करून पाहा. सोडताना 'एक' म्हटले तर 'दहा' म्हणेपर्यंत आंदोलने नऊच पुरी होतात, आणि तुमचे उत्तर दहा टक्क्यांनी चुकते. सुरुवात शून्यापासून मोजायची असते, ही गोष्ट पडद्यावर कितीही वेळा पाहिली तरी बोटांना समजत नाही. ती सातव्या-आठव्या वर्षी, काहीतरी स्वतः मोजताना समजायला हवी. अठराव्या वर्षी ती शिकवावी लागते याचा अर्थ मधली दहा वर्षे त्या मुलाने फार थोडे मोजले.

आमचे सावंगी (मेघे) वर्धा शहराला लागून आहे. येथे वैद्यकीय महाविद्यालय आहे, मोठे रुग्णालय आहे आणि त्या रुग्णालयाला नाव आहे आचार्य विनोबा भावे यांचे. आत आधुनिक वैद्यकाची सगळी यंत्रे आहेत. ज्यांचे नाव दारावर आहे त्या विनोबांनी १९३०च्या दशकात वर्ध्याजवळच्या नालवाडीत रोज कित्येक तास सूत कातून, त्या मजुरीवर माणसाला जगता येते का, याचा प्रयोग स्वतःवर केला होता. शहराच्या दुसऱ्या अंगाला, सायकलने सहज जाता येईल इतक्या अंतरावर, सेवाग्राम आहे. प्राथमिक वर्गात यंत्र आणावे की नाही आणि आणले तर कोणासाठी, या विषयावर आपल्या देशात जो सर्वांत मोठा वाद झाला तो याच परिसरात. म्हणून पडद्याचा विचार करताना मी आधी तिकडे वळतो.

२२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ या दोन दिवशी वर्ध्याच्या नवभारत विद्यालयात एक शिक्षण परिषद भरली. महात्मा गांधी अध्यक्ष होते. सात वर्षांचे सक्तीचे, मोफत शिक्षण मातृभाषेतून द्यावे आणि ते एखाद्या हस्तोद्योगाभोवती गुंफावे, असे तेथे ठरले. अभ्यासक्रम तयार करण्यासाठी डॉ. झाकीर हुसेन यांची समिती नेमली गेली. हेच झाकीर हुसेन पुढे १९६७ साली राष्ट्रपती झाले. समितीने त्याच वर्षीच्या डिसेंबरात अहवाल दिला. ही योजना पुढे 'वर्धा योजना' किंवा 'नई तालीम' म्हणून ओळखली गेली.

आता तुम्ही म्हणाल, सर, विषय तंत्रज्ञानाचा आणि तुम्ही चरख्याकडे कुठे निघालात? पण टकळी हे यंत्रच आहे. एक पोलादी काडी, तिच्या खालच्या टोकाशी पितळेची चकती, वरच्या टोकाला दोरा अडकवण्यासाठी खाच. बस्स! बोटांनी तिला गिरकी द्यायची आणि हातातल्या पेळूतून कापसाचे तंतू हळूहळू सोडत जायचे. चकती खाली आणि रुंद का, याचे उत्तर तुम्हाला पुढे पदार्थविज्ञानात मिळेल. वस्तुमान अक्षापासून जितके दूर, तितकी फिरणारी वस्तू उशिरा थांबते. हे ज्ञान प्रत्येक जुन्या टकळीत कोणा कारागिराने भरून ठेवलेले आहे. टकळी एक फेरा फिरली की दोऱ्याला एक पीळ बसतो. पीळ कमी पडला तर दोरा सुटतो, जास्त झाला तर त्याच्या गाठी वळतात. मुलाला हे दोन्ही लगेच दिसते. कोणी लाल रेघ ओढावी लागत नाही, चूक स्वतःच तुटून खाली पडते.

आणि त्यातले गणित पाहा. सूत मोजण्याची जुनी पद्धत अशी: चार फुटांचा एक तार, आणि ६४० तारांची एक गुंडी. म्हणजे एका गुंडीत २,५६० फूट, सुमारे ७८० मीटर सूत. समजा, इंचाला १२ पीळ हवेत. एका तारेत ४८ इंच, म्हणून ५७६ पीळ. तुमची टकळी सेकंदाला २० फेरे घेत असेल तर एका तारेला सुमारे २९ सेकंद लागतील. आता ६४० ने गुणा. पाच तासांहून अधिक वेळ होतो! दोरा तुटणे, तो सांधणे, गुंडाळणे हे यात धरलेलेच नाही. एवढे गणित ज्या मुलाने स्वतःच्या सुतावर केले, त्याला 'चरख्याचे मोठे चाक कशासाठी?' हे सांगावे लागत नाही. मोठ्या चाकाच्या एका फेऱ्यात चाते कितीतरी वेळा फिरते. मग एका माणसाने एकाच वेळी अनेक चाती फिरवावीत ही कल्पना ओघानेच येते, आणि तुम्ही अठराव्या शतकातल्या इंग्लंडमधील यंत्रांपर्यंत येऊन पोहोचता. तेथून पुलगाव-हिंगणघाटच्या कापूसपट्ट्यातील गिरण्यांपर्यंत एक सरळ वाट आहे. इतिहासाच्या पुस्तकातला 'औद्योगिक क्रांती' हा धडा माझ्या मते टकळीवर सुरू व्हायला हवा.

सुताचा 'नंबर' काढणे ही तर अपूर्णांकांची उत्तम शिकवणी. ८४० यार्डांची एक लड, अशा जितक्या लडी मिळून एक पौंड वजन होते तितका त्या सुताचा नंबर. आपली गुंडी ८५३ यार्डांची, म्हणजे जवळजवळ एक लडच. तिचे वजन ४६ ग्रॅम भरले तर सूत १० नंबरचे, २३ ग्रॅम भरले तर २० नंबरचे. वजन निम्मे, नंबर दुप्पट. व्यस्त प्रमाण म्हणतात ते हेच. पाठ्यपुस्तकात ते आठ मजूर आणि बारा दिवस यांच्या रूपाने येते. ते मजूर कोणीच पाहिलेले नसतात.

मात्र मी टकळीचा भक्त नाही, हेही स्पष्ट सांगतो. झाकीर हुसेन समितीच्या वेळापत्रकात साडेपाच तासांपैकी ३ तास २० मिनिटे हस्तोद्योगाला होती. सात वर्षांच्या मुलासाठी हे मला फार वाटते. मुलांच्या कामातून शाळेचा खर्च निघावा ही अपेक्षा तर वादाचीच होती. परिषदेतच प्राध्यापक के. टी. शहा यांनी तिला विरोध केला. खुद्द समितीनेही अहवालात इशारा दिला होता की, उत्पन्नावर भर देऊन शिक्षणाचा हेतू मागे पडण्याचा धोका आहे. पुढे अनेक ठिकाणी तसेच झाले. टकळ्या शाळांत पोहोचल्या, पण त्यांतले गणित, विज्ञान आणि इतिहास पोहोचला नाही. शिक्षकांना ते कोणी नीट शिकवलेच नव्हते. वर्गात सूत निघे आणि वहीत काहीच उतरत नसे. गावकऱ्यांनाही प्रश्न पडला की, शहरातल्या मुलांना इंग्रजी आणि आमच्या मुलांना सूत, असे का? तो प्रश्न रास्त होता. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने 'कार्यानुभव' हा शब्द आणला आणि टकळी हळूहळू कपाटात गेली. सेवाग्रामला २००५ साली 'आनंद निकेतन' ही शाळा पुन्हा सुरू झाली. शेती, विणकाम, स्वयंपाक यांतून तेथे अभ्यास चालतो. पण अशा शाळा थोड्या.

टकळीची ही कथा मी एवढी लांबवली, कारण पडद्याची कथा त्याच वळणाने जाताना दिसते. साहित्य येते, समारंभ होतो, पण त्यातून काय शिकायचे हे शिक्षकांना शिकवण्याचे राहून जाते. या कथेत 'जुने विरुद्ध नवे' असे काहीच नाही. गांधीजींना यंत्राचे वावडे होते असे ज्यांना वाटते त्यांनी सेवाग्राम आश्रमात जपून ठेवलेला टेलिफोन पाहून यावा. आणि १९२९ साली अखिल भारतीय चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले होते हेही लक्षात ठेवावे. त्या काळचे एक लाख! अटी मोठ्या मजेदार होत्या. यंत्राची किंमत १५० रुपयांपेक्षा जास्त नको, ते खेड्यातल्या घरात चालावे, देखभाल केली तर वीस वर्षे टिकावे. बक्षीस कोणालाच मिळाले नाही. पण शाळेसाठी यंत्र विकत घेणाऱ्यांनी या अटी भिंतीवर लावून ठेवण्यासारख्या आहेत.

नव्या यंत्रांचे अनुभव काय सांगतात? 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या जागतिक योजनेचा एक प्रयोग २००७ साली आपल्याच रायगड जिल्ह्यात, खैरात नावाच्या लहानशा वस्तीवरच्या शाळेत झाला. याच योजनेखाली दक्षिण अमेरिकेतील पेरू देशात लक्षावधी लॅपटॉप वाटले गेले. तेथील ३१९ प्राथमिक शाळांची पाहणी करून २०१२ साली जो निष्कर्ष प्रसिद्ध झाला, तो असा: सव्वा वर्षानंतर गणित आणि भाषा यांत लॅपटॉप मिळालेली मुले व न मिळालेली मुले यांत फरक दिसला नाही. गुजरातमधल्या एका अभ्यासात तर एकच संगणक-कार्यक्रम दोन प्रकारे वापरला गेला. शाळेच्या वेळात, शिक्षकाच्या शिकवण्याच्या जागी वापरला तेव्हा मुले आधीपेक्षा कमी शिकली. शाळा सुटल्यावर जोड म्हणून वापरला तेव्हा जास्त शिकली. यंत्र तेच, मुलेही तशीच, फरक फक्त त्याला दिलेल्या जागेचा.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. २०१५ साली दिल्लीत सहावी ते नववीच्या मुलांवर एक प्रयोग झाला. त्यातला संगणक प्रत्येक मुलाला त्याला जमेल त्याच पायरीवरचे गणित देई. नववीतल्या मुलाला भागाकार येत नसेल तर भागाकारापासून सुरुवात. चूक कोणत्या प्रकारची आहे हे ओळखून पुढचा प्रश्न निघे. साडेचार महिन्यांत त्या मुलांची गणितातली आणि हिंदीतली प्रगती इतरांपेक्षा स्पष्टपणे जास्त होती. साठ मुलांच्या वर्गात एका शिक्षकाला प्रत्येकाची चूक वेगळी पाहणे जमत नाही. यंत्राने ते केले तर त्याचे स्वागतच करावे. येथेही पाहा, मूल बसून बघत नव्हते. ते उत्तर देत होते, चुकत होते, पुन्हा करत होते.

आता आपल्या पाठ्यपुस्तकाकडे या. 'बालभारती'च्या पुस्तकावर काळ्या-पांढऱ्या चौकोनांची एक ठिपकेदार चौकट तुम्ही पाहिली आहे, तिला क्यूआर कोड म्हणतात. सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षक असताना रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकांना असे कोड जोडण्याचा उपक्रम केला आणि पुढे ही कल्पना राज्यभरच्या पुस्तकांत आली. डिसले यांना २०२० साली दहा लाख डॉलरचा 'ग्लोबल टीचर प्राइझ' मिळाला आणि त्यांनी त्यातली निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. हे वाचून अभिमान वाटणे साहजिक आहे. पण माझी तक्रार अशी की, वर्षाला कोट्यवधी पुस्तकांवर छापल्या जाणाऱ्या या चौकटीकडे आपल्या मुलांनी केवळ एक दार म्हणून पाहिले. मोबाईल धरायचा आणि पलीकडचा व्हिडिओ बघायचा. दार कसे बनले आहे हे कोणी विचारले नाही.

१९९४ साली जपानमधील डेन्सो वेव्ह या कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा कोड मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी तयार केला. सर्वांत लहान कोडात २१ गुणिले २१, म्हणजे ४४१ घरे असतात. तीन कोपऱ्यांत तीन मोठे चौकोन दिसतात, ते कॅमेऱ्याला 'मी येथे आहे आणि माझी वरची बाजू ही' असे सांगतात. त्या चौकोनाच्या मध्यातून कोणतीही आडवी वा उभी रेघ ओढा, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे प्रमाण १:१:३:१:१ येते. छापील मजकुरात हे प्रमाण सहसा आढळत नाही, म्हणून मुद्दाम ते निवडले. मोजपट्टीने मोजून पाहा. चौथीतल्या मुलालाही हे मोजता येते. दुसरे म्हणजे, या कोडाचा काही भाग फाटला, डागाळला तरी तो वाचता येतो, कारण माहिती गणिताच्या साहाय्याने थोडी जादा भरून ठेवलेली असते. कोडाच्या प्रकाराप्रमाणे ७ पासून ३० टक्क्यांपर्यंत नुकसान भरून काढता येते. कागदाचे छोटे छोटे चौकोन कापा. मोठे चौकोन सोडून बाकीच्या भागावर एकेक ठेवत जा आणि कोड वाचणे कधी बंद होते ते पाहा. झाकलेली घरे मोजा, टक्केवारी काढा, जागा बदलून पुन्हा करा. हा एक तास झाला की मूल त्या चौकटीला घाबरतही नाही आणि तिची पूजाही करत नाही.

'आधुनिक कौशल्ये' हा शब्द हल्ली फार ऐकू येतो. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावीपासून संगणकाला आज्ञा लिहिणे आणि सहावी ते आठवीत कारागिरांबरोबर दहा दिवस दप्तराविना काम करणे, या दोन्ही गोष्टी सुचवल्या आहेत. मला यात विरोध दिसत नाही. टकळी कशी फिरवायची याच्या सूचना एका मुलाने कागदावर लिहाव्यात आणि दुसऱ्याने लिहिल्याबरहुकूम, स्वतःची अक्कल अजिबात न वापरता, तसेच करावे. पहिल्या प्रयत्नात हमखास फजिती होते. 'दोरा धरा' असे लिहिलेले असते, पण कुठे धरायचा ते राहिलेले असते! संगणकाला आज्ञा लिहिणारा दिवसभर हेच करतो. त्यासाठी पहिलीच्या वर्गात संगणक नसला तरी चालेल.

आता हे सगळे मी तुम्हाला का सांगतो आहे? शाळेसाठी काय घ्यायचे याचा निर्णय कोठेतरी दूर होतो अशी तुमची समजूत असेल. पूर्णपणे तसे नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे प्रत्येक सरकारी व अनुदानित शाळेत व्यवस्थापन समिती असते आणि तिच्यात तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात. तुमच्या धाकट्या भावाच्या शाळेच्या समितीत तुमची आई, काकू किंवा शेजारचे दादा असतील. देणगी आली, ग्रामपंचायतीचा निधी आला की 'पडदा घेऊ' हा ठराव पटकन मंजूर होतो, कारण पडदा पाहुण्यांना दिसतो. पंचवीस तराजू, पंचवीस मोजपट्ट्या, थर्मामीटर, भिंगे, चुंबक, वायर आणि बॅटऱ्या यांचा फोटो तितका चांगला येत नाही. तुम्ही घरी एवढेच विचारा: पडदा बिघडला तर दुरुस्त कोण करणार? वीज गेली तर त्या तासाला काय होणार? आणि एका वेळी किती मुलांच्या हाताला काम मिळणार? एका पडद्यावर एक बोट फिरते. पंचवीस तराजू असतील तर पन्नास मुले काहीतरी तोलत असतात. पैसे दोन्हींना पुरत असतील तर दोन्ही घ्यावीत. एकालाच पुरत असतील तर माझे मत तराजूच्या बाजूने आहे, आणि ते मी कोणत्याही सभेत मांडायला तयार आहे.

घरचा मोबाईल मात्र मी मोजमापाच्या साधनांतच धरतो, कारण त्याच्यात घड्याळ आहे, कॅमेरा आहे, आवाज टिपण्याची सोय आहे. म्हणून शेवटी एक काम देतो. टकळी मिळाली नाही तर जुन्या सीडीच्या भोकात रबराचे बूच घट्ट बसवून त्यातून पेन्सिल घाला, चालेल. चकतीच्या कडेला पांढऱ्या रंगाचा एक ठिपका द्या. मोबाईलमध्ये संथ गतीचे चित्रण असेल, तर सेकंदाला २४० चित्रे निवडा आणि फिरणारी टकळी वरून टिपा. मग एकेक चित्र पुढे सरकवत ठिपका पुन्हा त्याच जागी यायला किती चित्रे लागतात ते मोजा, आणि शून्यापासून मोजा! १२ चित्रे लागली तर २४० भागिले १२, म्हणजे सेकंदाला २० फेरे. दर पाच सेकंदांनी हा आकडा पुन्हा काढून आलेख काढा, म्हणजे टकळी कशी मंदावत जाते ते दिसेल. नंतर हेच चित्रण साध्या गतीने, सेकंदाला ३० चित्रे घेऊन करा. टकळी मंदावत असताना एखाद्या क्षणी चित्रात ठिपका समोरासमोरच्या दोनच जागी दिसेल आणि टकळी जोरात असेल तर तो एका जागी थबकल्यासारखाही दिसेल. त्या दोन्ही क्षणी टकळी सेकंदाला किती फेरे घेत असावी?